बावन्न पोळे

शनिवारी ऊन कललं की आमच्या तंजावरच्या घरात लगबग सुरू व्हायची. विहिरीचं पाणी ओढून दोन हंडे, बंब आणि मोरीतला हौद काठोकाठ भरायचा. ताई सगळ्यांच्या कपड्यांना कोळशाची इस्त्री करायची. दादा घरातल्या साऱ्या चपला-बूट ओळीने मांडून पॉलिश करायचा. मी नारळ खवायचे. धाकट्याला अजून कुठलंच काम धड येत नव्हतं, म्हणून तो कंदिलाच्या काचा राखेने पुसायचा. आई आट्टुक्कलपाशी, म्हणजे तिकडच्या जड दगडी रगड्यापाशी, बसून इडलीचं पीठ वाटायची. आणि आजी या सगळ्यांतून फिरत एकच विचारायची, "उद्याचं काही राहिलं का रे?"

"शनिवार दुपटीचा," असं ती म्हणायची. मिसर देशातून सुटून रानात आलेल्या लोकांना देव रोज मान्ना नावाचं अन्न द्यायचा, पण सहाव्या दिवशी दुप्पट द्यायचा. सातव्या दिवशी कोणाला वेचायला बाहेर पडावं लागू नये म्हणून. ही गोष्ट शब्बाथशाळेत, म्हणजे मंडळीच्या रविवारच्या वर्गात, आम्हाला पुढे कधीतरी शिकवली गेली. त्याआधीच ती हंड्याकळशांनी आमच्या हातांना शिकवली होती.

आम्ही चौघं आता साठी ओलांडून पुढे आलो आहोत. ताई परिचारिका होती, ती वेल्लोरला स्थायिक झाली. दादा बाबांसारखाच रेल्वेत गेला, तो तिरुच्चीला असतो. मी शिक्षिकेची नोकरी करून पुण्यात निवृत्त झाले. धाकट्याने तंजावर सोडलं नाही. रविवारी संध्याकाळी चौघं फोनवर भेटतो आणि बोलता बोलता त्या घरातल्या रविवारावर येऊन थांबतो. म्हणून हे लिहायचं ठरलं. आठवणी चौघांच्या आहेत, हात फक्त माझा. जिथे दोघांचं जुळलं नाही तिथे दोन्ही ठेवलं आहे.

आजोबा नगर जिल्ह्यातले. मिशनच्या औद्योगिक शाळेत सुतारकाम शिकले. साउथ इंडियन रेल्वेचा कारखाना नागपट्टणहून तिरुच्चीजवळ पोन्मलैला, म्हणजे गोल्डन रॉकला, १९२८ साली आला, त्यानंतर काही वर्षांतच डब्यांच्या लाकूडकामासाठी ते तिथे लागले. बाबा तिथेच वाढले, गार्ड झाले आणि तंजावर जंक्शनवर बदलून आले. आजोबा गेल्यावर आजी आमच्याकडे राहिली. असं घरात नगरचं मराठी, दारात तमिळ, आणि दोन घरं सोडून एका रायर कुटुंबात तिसरंच मराठी. रायर म्हणजे तंजावरच्या मराठी दरबाराबरोबर तिकडे गेलेल्यांचे वंशज. व्यंकोजीराजांपासून १८५५ पर्यंत भोसल्यांचं राज्य होतं तिथे. रायरांच्या बोलण्यावर तमिळचा हेल चढलेला, तरी त्यांच्या आजी आणि आमची आजी ओसरीवर बसून तासन् तास बोलायच्या. मोठ्या देवळाच्या भिंतीवर सरफोजीराजांनी १८०३ साली कोरवून घेतलेला भोसल्यांचा इतिहास आहे, मराठीत. रविवारी संध्याकाळी बाबा घरी असले तर आम्हाला तिथे फिरायला न्यायचे आणि त्या भिंतीपाशी उभं करून म्हणायचे, "वाचा बघू." परमुलखात आपली भाषा दगडात वाचताना काय वाटतं, ते तिथे राहिलेल्यालाच कळेल.

रविवारी सकाळी घरात चूल पेटायची ती फक्त दुधासाठी आणि इडल्या उकडण्यापुरती. कॉफीचं डिकॉक्शन रात्रीच गाळून ठेवलेलं असायचं. इडलीचं पीठ रात्रभर आपल्या आपण फुगलेलं. आजीला त्या पिठाचं फार कौतुक. झाकण काढून आम्हाला दाखवायची, "बघा, आपण झोपलो होतो आणि हे वर आलं. सगळं काही तुमच्या हातून होतं असं समजू नका."

मग देऊळ. नगरकडचे आमचे लोक चर्चला देऊळच म्हणतात, आणि तिकडचे तमिळ ख्रिस्ती कोविल म्हणत. दोन्ही भाषांनी आपापला घरचाच शब्द दिलेला. आम्ही सेंट पीटर्सला जायचो. त्या देवळात श्वार्ट्झ यांची कबर आहे. ख्रिश्चन फ्रेडरिक श्वार्ट्झ, जर्मन मिशनरी, १७५० साली तरंगंबाडीला उतरले आणि १७९८ च्या फेब्रुवारीत तंजावरात वारले. अठ्ठेचाळीस वर्षांत एकदाही मायदेशी परत गेले नाहीत. तुळजाराजांनी मरताना दत्तक मुलाचा, सरफोजींचा, सांभाळ यांच्या हाती सोपवला होता.

उपासना तमिळमध्ये चाले. आजीला तमिळ बाजारापुरतं येई. पण चाली ओळखीच्या असल्या की ती आपलं 'उपासना संगीत' उघडून त्याच चालीवर मराठी शब्द म्हणायची. दोनशे तमिळ गळ्यांत एक मराठी गळा. कोणाला त्याचं वावगं वाटलं नाही. याच गावात श्वार्ट्झ यांचे शिष्य वेदनायगम शास्त्री यांनी कर्नाटक संगीताच्या रागांत ख्रिस्ती कीर्तनं रचली, आणि तिकडे नगरला नारायण वामन टिळकांनी ख्रिस्ताला अभंगांतून आळवलं. आजी म्हणायची, "दोघांनी शुभवर्तमानाला आपल्या मातीतलं पाणी पाजलं." क्लॅरिंडा नावाच्या बाईंची गोष्टही ती आम्हाला सांगायची. तंजावरच्या मराठी ब्राह्मण घरातल्या त्या विधवेला १७७८ साली श्वार्ट्झ यांनीच पाळयंकोट्टैला बाप्तिस्मा दिला, आणि तिने तिथे देऊळ बांधलं. "या मुलखात आपण पहिले नाही," हे सांगताना आजीचा आवाज भरून यायचा.

देवळातून परत आल्यावर जेवण. शेजारच्या ख्रिस्ती घरांतून मटणाचा वास यायचा. आमच्याकडे पळय सोरू: शनिवारच्या भाताला रात्री पाणी घालून ठेवायचं, सकाळी त्यात ताक, मीठ, सोबत छोटे कांदे आणि मोर मिळगाय, म्हणजे आपल्या सांडग्या मिरचीची सख्खी बहीण. कावेरीच्या खोऱ्यात शेतात राबणाऱ्या प्रत्येकाची ही न्याहारी. दादा सांगतो, भाताचं ते भांडं पितळेचं होतं. ताई म्हणते मातीचं. वास आम्हा चौघांनाही अजून येतो. लहानपणी मटणाच्या वासाने आम्ही कासावीस व्हायचो, खोटं कशाला सांगू. धाकट्याने एकदा विचारलंच, "सगळे ख्रिस्ती रविवारी मटण खातात, आपणच शिळं का?"

आजीने त्याला जवळ बसवलं. "मटण कोण शिजवणार?"

"आई."

"आईला रविवार नको?"

त्या दिवशी पहिल्यांदा तिने आम्हाला पोळ्याची गोष्ट सांगितली. श्रावण अमावास्येला गावाकडे बैलांच्या खांद्यावर जू ठेवत नाहीत. त्यांना आंघोळ घालतात, शिंगं रंगवतात, पुरणपोळी भरवतात. तमिळ मुलखातल्या माट्टुपोंगलला आम्ही असंच पाहिलेलं होतं. "वर्षभर राबलेल्या बैलाला एक दिवस," आजी म्हणाली. "देवाची आज्ञा नीट वाच. त्यात तू आहेस, तुझा मुलगा-मुलगी आहे, तुझा चाकर आहे, दारात आलेला परका आहे, आणि तुझा बैलसुद्धा आहे. माणसाने बैलाला एक पोळा दिला. देवाने त्याला वर्षाचे बावन्न दिले."

घरात हा शब्द तेव्हापासून रुळला. रविवारी कोणी कोणाला काम सांगितलं की समोरचा म्हणायचा, "आज पोळा आहे माझा."

दहा आज्ञांतली ही विसाव्याची, म्हणजे शब्बाथाची, आज्ञा आजी चौथी म्हणायची. पलीकडच्या गल्लीतल्या लुथरन घरातला मुलगा म्हणे तिसरी. दादाची आणि त्याची यावरून मारामारी झाली. पुढे कळलं, दोघंही बरोबर होते. लुथरच्या प्रश्नोत्तरीत आज्ञांची मोजणी वेगळी आहे. वारावरूनही मतं वेगळी. येशू आठवड्याच्या पहिल्या दिवशी उठला म्हणून बहुतेक मंडळ्या रविवार पाळतात. सेव्हन्थ डे ॲडव्हेंटिस्ट शनिवारच धरतात, पुण्यात औंधला त्यांचं स्पायसर विद्यापीठ आहे. आजी या वादात कधी पडली नाही. तिच्या मनात दुसरीच गोष्ट होती, आणि ती तिने आम्ही मोठे झाल्यावरच आम्हाला सांगितली.

आम्ही महार. आजीच्या वडिलांकडे गावकीची पाळी असायची. वेशीची राखण, सांगावा पोचवणं, आलेल्या अंमलदाराचा घोडा धरणं, लाकडं फोडणं, मेलेलं जनावर ओढून नेणं. चावडीवरून हाळी आली की उठायचं. जेवत असलात तरी, पोर तापाने फणफणत असलं तरी. मोबदला म्हणजे बलुत्याचं धान्य आणि वतनाचा तुकडा, आणि त्याच तुकड्याने माणूस पिढ्यान् पिढ्या बांधलेला. डॉ. आंबेडकरांनी १९२८ साली मुंबईच्या विधिमंडळात या वतनाविरुद्ध बिल आणलं ते याचसाठी. पण त्याच्याही आधी, आजीचे वडील ख्रिस्ती झाले तेव्हा त्यांच्या आयुष्यात एक दिवस असा आला, की हाळी आली आणि ते उठले नाहीत. "आज प्रभूचा दिवस आहे, उद्या येतो," असा निरोप त्यांनी धाडला. त्या वर्षी बलुतं बंद झालं. घरात उपास पडले. तरी दुसऱ्या रविवारीही ते उठले नाहीत.

"लोकांना वाटतं शब्बाथ म्हणजे हे करू नको, ते करू नको," आजी म्हणायची. "माझ्या बापाला विचारा. त्याच्यासाठी तो पहिला दिवस होता, ज्या दिवशी त्याला कोणी धनी नव्हता."

पवित्र शास्त्रात ही आज्ञा दोनदा येते, हे तिनेच आम्हाला उघडून दाखवलं. निर्गमाच्या पुस्तकात कारण दिलं आहे ते सृष्टीचं: देवाने सहा दिवस काम केलं आणि सातव्या दिवशी विसावा घेतला. अनुवाद नावाच्या पुस्तकात कारण वेगळं: तुम्ही स्वतः मिसरात दास होता, ते विसरू नका, म्हणून तुमच्या चाकरालाही तुमच्यासारखाच विसावा मिळू द्या. शिकलेले पाळक पहिल्या कारणावर प्रवचन करत. आजी दुसऱ्यावर बोट ठेवून बसायची. सृष्टी सगळ्यांचीच होती, पण दास्य तिच्या घरचं होतं.

मी मोठी झाल्यावर इतिहास वाचू लागले, तेव्हा तिच्या बोटाचं महत्त्व कळलं. रोमचा सम्राट कॉन्स्टंटाइन याने ३२१ साली रविवारच्या सुट्टीचं फर्मान काढलं. न्यायाधीशांनी, शहरातल्या लोकांनी, कारागिरांनी त्या दिवशी काम थांबवावं. शेतात राबणाऱ्यांना मात्र त्यातून वगळलं. हंगाम हातचा जाऊ नये म्हणून त्यांनी काम करावं, असं त्यातच लिहिलं होतं. म्हणजे सुट्टी दिली गेली तेव्हासुद्धा जो सगळ्यात वाकलेला होता तो तसाच राहिला. आपल्याकडे मुंबईच्या गिरणी कामगाराला रविवार मिळाला तो कोणा सम्राटाकडून नाही. सत्यशोधक नारायण मेघाजी लोखंडे यांनी त्यासाठी वर्षानुवर्षं सभा घेतल्या, अर्ज केले, आणि १० जून १८९० ला गिरणीमालकांनी ती सुट्टी मान्य केली. रविवार हा खंडोबाचा वार, म्हणून तो कामगाराला हवा, असंही लोखंडे सांगत. चर्चच्या घंटेने आजीच्या वडिलांना आणि खंडोबाच्या वाराने गिरणीतल्या माणसाला एकच गोष्ट मिळाली.

आता कोणाला वाटेल आमचा रविवार म्हणजे नुसता आनंद. तसं नव्हतं. उन्हाळ्याच्या शेवटी मेट्टूरचं पाणी सुटलं की पुदु आरू, म्हणजे गावातून जाणारा मोठा कालवा, भरून वाहायचा. गावातली सगळी पोरं त्यात उड्या मारत. दादाला रविवारी बंदी. तो एकदा चोरून गेला आणि ओल्या केसांनी परत आला. आजी काही बोलली नाही. फक्त संध्याकाळच्या प्रार्थनेत तिने त्याचं नाव घेतलं नाही. दादा अजून म्हणतो, मार परवडला असता.

ताईचं दुखणं वेगळं. एसएसएलसीची परीक्षा सोमवारी सुरू होणार होती. रविवारी पुस्तक उघडायचं नाही, हा घरचा नियम. ताई मागच्या अंगणात कडुलिंबाआड गणिताची वही घेऊन बसली. आजीने तिला तिथे गाठलं. ताई रडून म्हणाली, "मला नापास व्हायचं नाही." आजीने वही हातातून घेतली नाही. तिच्या शेजारी बसली आणि म्हणाली, "पोरी, परीक्षा दे, चांगली दे. पण ती तुझी धनीण नाही. सोमवारी चार वाजता मी तुला उठवते." आणि उठवलं. कंदील लावून, शेजारी बसून, ताईचं गणित संपेपर्यंत. ताई पास झाली. त्या रविवारचा राग मात्र तिने कित्येक वर्षं मनात धरला होता. पुढे रात्रपाळ्या करताना, सकाळी खोलीवर येऊन पडताना तिला ते कडुलिंबाखालचं वाक्य आठवू लागलं.

खरं तर परिचारिकेला रविवार नसतोच. ताईने नोकरीला लागताना आजीला विचारलं होतं, तेव्हा आजी एका दमात म्हणाली, "विहिरीत पडलेला बैल शब्बाथाला बाहेर काढायचा असतो. येशूनेच सांगितलंय." येशूने शब्बाथाच्या दिवशी माणसं बरी केली आणि त्यावरून शास्त्री-परूशी चिडले, हे आजी फार प्रेमाने सांगायची. दिवस माणसासाठी आहे, माणूस दिवसासाठी नाही, हा त्याचा अर्थ तिला पाठ होता. मग आमच्यावर एवढे नियम का, असं आम्ही विचारायचो. ती म्हणायची, "नियम तुमच्यावर नाहीत. तुमच्या हव्यासावर आहेत."

बाबांचाही रविवार वेगळाच. गार्डची ड्यूटी चार्टप्रमाणे; गाडी रविवार ओळखत नाही. कधी विल्लुपुरमच्या रनिंग रूममध्ये, कधी मायवरमला. रेल्वेत साप्ताहिक सुट्टीला 'रेस्ट' म्हणतात. बाबांची रेस्ट मंगळवारी आली, की आजी त्या मंगळवारी घर शांत ठेवायची. आम्ही शाळेतून आलो की दारात बोट ओठांवर. "आज बाबांचा पोळा आहे." तिच्यासाठी वार महत्त्वाचा होता, पण वारापेक्षा माणूस थकला आहे हे जास्त महत्त्वाचं होतं. वर्षातल्या काही आठवड्यांत असे आमच्या घरात दोन-दोन शब्बाथ व्हायचे.

आणि आता ती दुपार, जी चौघांनाही सारखी आठवते. यात कोणाचंही वेगळं नाही.

आमच्याकडे धुणंभांडी करायला एक बाई यायच्या. आम्ही त्यांना अक्का म्हणायचो. आजीने पहिल्याच दिवशी त्यांना सांगितलं होतं, रविवारी यायचं नाही, पगार पूर्ण मिळेल. गल्लीत यावरून कुरबूर झाली. उद्या आमच्या बायकाही मागतील, असं शेजारणी आईला सुनावून गेल्या. आजी म्हणाली, "मागू देत की."

एका रविवारी दुपारी अक्का आल्या. आम्ही नुकतेच जेवून उठलो होतो. आईने घाबरून विचारलं, काय झालं. अक्का म्हणाल्या, काही नाही. घरी नवरा, सासू, चार मुलं, एक खोली. घरी राहिलं की कामच. इथे येऊन जरा बसू का? आणि त्या तिण्णैवर, म्हणजे दारापुढच्या त्या गुळगुळीत ओट्यावर, टेकल्या. टेकल्या त्या तिथेच आडव्या झाल्या आणि क्षणात झोपल्या. तोंड किंचित उघडं, हातांवर साबणाने पडलेल्या चिरा.

आजी बाहेर आली. तिने आम्हाला खुणेने आत पाठवलं. मग स्वतः उंबऱ्यावर बसली, ताडाच्या पानांचा पंखा घेऊन. दोन तास. गल्लीतून कोणी गेलं, हाक मारली, तर ती हात वर करायची. आम्ही खिडकीतून पाहत होतो. तिकडच्या तमिळ बायबलात शब्बाथाला 'ओय्वु नाळ' म्हणतात. ओय्वु म्हणजे विसावा, नाळ म्हणजे दिवस. तो शब्द मी शंभर वेळा देवळात ऐकला होता. त्या दुपारी मी तो पाहिला.

अक्का जाग्या झाल्या तेव्हा ओशाळल्या. आजीने त्यांना पळय सोरू वाढलं आणि मोडक्या तमिळमध्ये म्हणाली, "पुढच्या रविवारी पण ये." त्यानंतर अक्का बऱ्याच रविवारी यायच्या, नुसत्या झोपायला.

अक्कांचं माहेर नागपट्टणकडच्या एका खेड्यात, शेतमजुरांच्या वस्तीत. ती वस्ती म्हणजे पण्णैयाळांची, मिरासदारांच्या शेतांवर बांधलेल्या माणसांची. त्यांच्या संरक्षणाचा कायदा १९५२ साली झाला होता, पण बांधावरचं जग कायद्याने लगेच बदलत नाही. १९६८ च्या नाताळच्या रात्री तेव्हाच्या तंजावर जिल्ह्यात, किळवेण्मणी गावात, मजुरी वाढवून मागणाऱ्या दलित शेतमजुरांच्या वस्तीवर हल्ला झाला आणि एका झोपडीत कोंडून चव्वेचाळीस माणसं जाळली गेली. बायका आणि मुलंच जास्त. बातमी आली तेव्हा आमच्या घरात नाताळचा फराळ अजून डब्यात होता. अक्का चार दिवस कामावर आल्या नाहीत. आजीने त्या आठवड्यात काही गोड खाल्लं नाही. आणि त्या रविवारपासून तिने जेवणाआधीच्या प्रार्थनेत एक गोष्ट वाढवली: हा भात ज्यांनी लावला आणि कापला, त्यांनाही विसावा मिळो. आम्ही चौघं अजून ते म्हणतो. माझ्या नातीला ती प्रार्थना पाठ आहे. ती कुठून आली, ते मी तिला अजून पूर्ण सांगितलेलं नाही. हे लिहून झालं की सांगेन.

शिवगंगा बागेजवळ श्वार्ट्झ यांनी १७७९ साली बांधलेलं चर्च आहे. तिथे सरफोजीराजांनी इंग्लंडहून जॉन फ्लॅक्समन या शिल्पकाराकडून घडवून आणलेलं संगमरवरी शिल्प आहे. श्वार्ट्झ मृत्युशय्येवर आहेत, राजाने त्यांचा हात हातात घेतला आहे, बिछान्यापाशी शाळेतली मुलं आहेत. आजी आम्हाला तिथे न्यायची. धाकट्याने एकदा विचारलं, "राजा उभा आहे आणि पाद्री झोपलेत, असं कसं?" आजी खूप वेळ त्या शिल्पाकडे बघत राहिली. मग म्हणाली, "थकलेला माणूस विसावतो तेव्हा राजानेसुद्धा त्याच्याजवळ उभं राहायचं असतं." तेव्हा आम्हाला ते शिल्पाबद्दल वाटलं. आता वाटतं, तिच्या डोळ्यांपुढे तिण्णैवर झोपलेल्या अक्का होत्या, आणि चावडीची हाळी ऐकूनही न उठलेले तिचे वडील.

आजीला जाऊन आता चाळीसहून जास्त वर्षं झाली. ती शनिवारी संध्याकाळी गेली. ताई म्हणते, सगळं आवरून गेली.

गेल्या पावसाळ्यात आम्ही चौघं मुलानातवंडांसह तंजावरला धाकट्याकडे जमलो होतो. शनिवारची रात्र. रविवारी देवळातून आल्यावर एवढ्या माणसांचं जेवण कसं करायचं, यावर तरुण मंडळींनी लगेच तोडगा काढला. बाहेरून बिर्याणी मागवू, मोबाइलवर दोन मिनिटांचं काम. त्यांचं बरोबरच होतं. घरातल्या कोणालाही राबावं लागू नये, हाच त्यांचा विचार. आमच्या सुना-लेकींना रविवार मिळावा, हे आजीलाही आवडलं असतं.

धाकटा गप्प होता. मग म्हणाला, "आपल्याला पोळा मिळेल. पण ती बिर्याणी घेऊन येणाऱ्या पोराला?"

कोणी काही बोललं नाही. हा प्रश्न एका रविवारच्या जेवणाने सुटणार नाही, हे त्यालाही माहीत होतं. तो पोरगा दुसऱ्या कोणाच्या दारात जाईलच. त्या पैशावर त्याचं घरही चालत असेल. पण कोणाचा तरी विसावा दुसऱ्याच्या थकव्यावर उभा असतो, हे विसरायचं नाही, एवढंच आमच्या आजीने आयुष्यभर शिकवलं. विसावा घ्यायचा तर हात सगळ्यात शेवटच्या माणसापर्यंत पोचतो का, ते पाहायचं. पोचला नाही तर निदान तो माणूस तिथे आहे, हे जेवताना आठवायचं.

धाकट्याने स्वयंपाकघरात जाऊन मोठा भात लावला. भात निवल्यावर त्याने माळ्यावरून एक भांडं काढलं. मातीचं. काठाला एक टवका उडालेलं. दादा ते बघून काही बोलला नाही. पितळेत आंबवलेला भात कळकतो, हे त्याच्या आता लक्षात आलं असावं. धाकट्याने भात भांड्यात घातला, वर पाणी ओतलं, फडकं बांधलं. माझ्या नातीने विचारलं, हे काय करताय. तो म्हणाला, "उद्याचं."

आम्ही चौघंही उठलो. ताई पाणी भरायला गेली.